सकाळी १५८, संध्याकाळी १२८: बीपीची गोळी रोज घ्यायची की आकडा बघून?

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या (वय ६४) बीपीबद्दल विचारायचं आहे. टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी बरीच वर्षं चालू आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यात ॲम्लोडिपिन ५ वाढवून दिली. घरी दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन आहे, पण आकडे काही एका जागी राहत नाहीत. सकाळी १५८/९२, दुपारी १३६/८०, संध्याकाळी १२८/७६ असं चालतं. त्यामुळे वडिलांनी स्वतःच नियम बसवलाय: आधी मोजायचं, वरचा आकडा १३० च्या खाली असला की त्या दिवशी गोळीला सुट्टी.

नवी गोळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज दिसते, मोज्यांचा वळ उठून राहतो. गुडघे दुखले की ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी घेतात, आठवड्यातून तीन-चारदा तरी. मधुमेह नाही. साधं मीठ बंद करून सैंधव आणलंय.

विचारायचं ते असं: आकडा नीट असेल त्या दिवशी गोळी टाळली तर काय बिघडतं? सूज ॲम्लोडिपिनची असेल तर ती बंद करावी का? गोळी सकाळी घ्यावी की रात्री? आणि 'वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल' हे कितपत खरं? त्या हिशेबाने वडिलांना १६४ पर्यंत सूट मिळते, आणि ते ती आनंदाने घेतात. शेजारच्या काकांनी 'या गोळ्यांची सवय लागते' हेही डोक्यात भरवून ठेवलंय.

---

औषधविचार

सिन्नरकर, पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. आकडा बघून गोळी ठरवायची ही पद्धत आजपासून बंद. गोळी मात्र रोज.

कारण सांगतो. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. रोज एक गोळी घेतली तर पातळी स्थिरावायला आठवडाभर जातो आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे. म्हणजे संध्याकाळचा १२८ ही एकट्या त्या सकाळच्या गोळीची कमाई नाही, मागच्या सात-आठ दिवसांच्या गोळ्यांची आहे. एक दिवस चुकवली तर त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही, आणि माणूस इथेच फसतो. परिणाम दोन-तीन दिवसांनी उगवतो. मग १५८ बघून घाबरून गोळी घ्यायची, ती नीट लागू पडायच्या आत पुन्हा १२८ बघून सोडायची. वडिलांचे आकडे नाचतात त्यात या पद्धतीचा हात असणार.

सवय लागण्याबद्दल: या दोन्ही गोळ्यांची सवय लागत नाही. गोळी सोडली की बीपी मूळ जागी जातं, कारण आजार होता तिथेच असतो. चष्मा काढल्यावर अंधुक दिसलं म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. अपवाद लक्षात ठेवा: मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि क्लोनिडिन एकदम तोडायच्या नसतात. नाडी आणि बीपी उसळून मूळच्याही वर जाऊ शकतं, हृदयाच्या रुग्णाला छातीत दुखू शकतं. त्या डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. वडिलांना त्या नाहीत, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला असतील.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली, तर फक्त त्या दिवसाची एकच घ्या. कालची आणि आजची मिळून दोन कधीच नाही.

आता काउंटरवर रोज दिसणारा घोळ. ब्रँडच्या नावापुढची अक्षरं वाचायला शिका. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे 'एएम' म्हणजे आत ॲम्लोडिपिनही आहे, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे बहुधा क्लोरथॅलिडोन (या दोन्ही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या). पण अक्षरांवरही पूर्ण विसंबू नका. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधांची नावं आणि मिलिग्रॅम असतात, ते खरं. दवाखाना बदलला किंवा हॉस्पिटलातून घरी सोडलं की हमखास होणारी गोष्ट: जुनी साधी टेल्मिसार्टन ४० डब्यात तशीच राहते, नव्या चिठ्ठीवर वेगळ्या ब्रँडची एएम गोळी येते, आणि रुग्ण दोन्ही घेत बसतो. रंग वेगळा, खोका वेगळा, औषध तेच, डोस दुप्पट. मग उठताना चक्कर येते.

दुसरा घोळ एस-ॲम्लोडिपिनचा. तिची २.५ म्हणजे साध्या ॲम्लोडिपिनची ५. आकडा निम्मा दिसला म्हणून केमिस्टने कमी डोस दिला असं समजून दोन घेऊ नका.

तिसरं, टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढते. आठवड्याच्या सात खणांच्या डब्यात सुट्ट्या गोळ्या काढून ठेवायची सोय चांगली आहे, पण ही गोळी त्यात उघडी ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. स्ट्रिप कात्रीने कापा आणि गोळी फॉइलमध्ये असतानाच खणात टाका. अर्धी करून उरलेली अर्धी कागदात गुंडाळून ठेवणं हेही तिच्या बाबतीत वाईट.

---

निमवैद्य

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी मोजण्याबद्दल लिहितो, कारण १५८ खरा आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट, पाय एकमेकांवर न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. टीव्हीवर बातम्या चालू असतील तर त्या पाच मिनिटांना अर्थ नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. हात लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा १० सें.मी. खाली गेला, तर नुसत्या रक्ताच्या वजनाने आकडा ७ ते ८ ने जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर. शर्टाची बाही गुंडाळून वर सारली की ती दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढा. मोजताना बोलायचं नाही, 'किती आलं?' हेसुद्धा नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पट्ट्याचं माप. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सें.मी. साठी असतो. घेर त्याहून जास्त असेल आणि तोच पट्टा ताणून बसवला, तर आकडा खोटा जास्त येतो. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावल्यास वरचा आकडा सरासरी ५ ने वाढून येतो, आणि दंड फारच जाड असेल तर फरक याच्या कितीतरी पट होतो.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा. फरक १० पेक्षा जास्त असेल तर पुढे कायम जास्त येणारा हात धरा, आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग सात दिवसांचा तक्ता. रोज सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. रात्री जेवणाआधी तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त धरतात (दवाखान्यात तीच रेषा १४०/९० ची). गोळ्या चालू असताना, सोसत असेल तर १३०/८० च्या आत आणायचा प्रयत्न असतो. एकेका आकड्यावर जीव टांगू नका. निरोगी माणसाचंही बीपी दिवसभरात सहज २०-३० ने हलतं.

'वय अधिक शंभर' हे जुन्या काळचं गणित आहे. वयाबरोबर धमन्या कडक होऊन वरचा आकडा चढतो हे खरं, पण जे बहुतेकांना होतं ते बिनधोक असतं असं नाही. १६४ घेऊन वर्षानुवर्षं वावरणाऱ्याचं मूत्रपिंड आणि मेंदू वयाची सवलत देत नाहीत. ऐंशीच्या पुढे, पडण्याची भीती असलेल्या अशक्त माणसात डॉक्टर हात सैल सोडतात. ६४ हे ते वय नव्हे.

सूज: बहुधा ॲम्लोडिपिनचीच. ती छोट्या धमन्या सैल करते, पण शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि संध्याकाळपर्यंत घोट्याशी साठतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. दिली तर सोडियम-पोटॅशियमचा नवा खेळ सुरू होतो. ५ पेक्षा १० मि.ग्रॅ.ला सूज बरीच जास्त दिसते. टेल्मिसार्टन सोबत असली की थोडी कमी होते, कारण ती शिरांची बाजूही सैल करते. त्रास सहन होण्याजोगा नसेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा त्याच कुळातली सिल्निडिपिन देतात, तिला सूज कमी येते. स्वतःहून बंद करू नका, फोन करून बदलून घ्या.

मात्र सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, किंवा चालताना धाप लागणं, लघवीला फेस येणं, डोळ्यांभोवती फुगणं यातलं काही सोबत असेल, तर ॲम्लोडिपिनवर ढकलून थांबू नका, लगेच दाखवा.

सकाळ की रात्र: ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या टाइम चाचणीत (निष्कर्ष २०२२) हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांत सकाळ-रात्र असा फरक सापडला नाही. जी वेळ चुकणार नाही ती धरा. लघवीच्या गोळ्या तेवढ्या सकाळी, नाहीतर रात्रीची झोप जाते.

---

मीठमिरची

सैंधवावर लिहिल्यावाचून राहवत नाही. सैंधव, शेंदेलोण, गुलाबी मीठ, काळं मीठ, सगळ्यांत जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. चवीचा फरक आहे, बीपीसाठी नाही. उलट बरंच सैंधव आयोडीनशिवाय मिळतं, आणि 'हे चालतं' म्हणून हात सैल सुटतो तो वेगळाच.

याहून महत्त्वाचं: 'लो सोडियम' मिठाचं पाकीट. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड ठीक असलेल्यांना याचा फायदा होतो, चीनमधल्या मोठ्या अभ्यासात (२०२१) पक्षाघात कमी झाले. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर शरीरात पोटॅशियम आधीच साठू पाहतं. वर हे मीठ आणि थोडं कमजोर मूत्रपिंड असेल तर हृदयाचे ठोके बिघडेपर्यंत पातळी जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरात मीठ किती जातं याचा सोपा हिशेब: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. चौघांचं घर असेल तर महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचं पाकीट महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात पाव, फरसाण, बिस्किटं, बाहेरचा वडा-मिसळ धरलेलीच नाही. (लोणच्याचं मीठ घातलं असेल त्या महिन्याचा हिशेब अर्थातच सोडून द्या.)

पाकिटावर सोडियम मि.ग्रॅ.मध्ये लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅम शेवेत ८०० मि.ग्रॅ. सोडियम लिहिलं असेल तर २ ग्रॅम मीठ झालं.

मराठी ताटात मीठ भाजी-आमटीपेक्षा डाव्या बाजूला लपतं: लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची, शेंगदाण्याची चटणी. कोकणात सुका बोंबील, खारवलेला बांगडा. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालणं सोडलं तर आठवड्याभरात जिभेला कळेनासं होतं. ताकात घालायचं तर जिरं-कोथिंबीर भरपूर आणि मीठ चिमटीभर. खायच्या सोड्यातही सोडियम आहे, पित्तावर रोज घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पुडीतही. रोजचं मीठ ४-५ ग्रॅमने उतरवलं तर बीपीच्या रुग्णाचा वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास खाली येतो. गोळीची जागा ते घेत नाही, पण दुसरी-तिसरी गोळी लांबवू शकतं.

आणि ज्येष्ठमध. खोकल्यासाठी चार दिवस ठीक. रोजच्या काढ्यात महिनोन् महिने नको, ते शरीरात सोडियम धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं.

---

सिन्नरकर

सगळ्यांचे आभार. दंड मोजला: ३५ सें.मी. पट्ट्यावर २२-३२ छापलंय. म्हणजे इथेच गोची होती. मोठा पट्टा मागवलाय.

आणखी तीन गोष्टी. कधी १८०-१९० आलं तर एक जादा ॲम्लोडिपिन द्यावी का? उपाशीपोटी रक्त द्यायच्या दिवशी आणि एकादशीला वडील गोळी घेत नाहीत, ते बरोबर का? आणि एका नातेवाइकांनी सर्पगंधा चूर्ण पाठवलंय, 'यातूनच बीपीची औषधं निघाली' म्हणून.

---

औषधविचार

जादा ॲम्लोडिपिन नको. ती रक्तात शिखराला पोचायला ६ ते १२ तास घेते, म्हणजे तुम्हाला हवं तेव्हा काही करणार नाही आणि नको तेव्हा, दुसऱ्या दिवशी, बीपी पाडेल. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायचा जुना उपाय अजून कुणीतरी सुचवतं, तो तर मुळीच नको. बीपी धाडकन पडून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

रक्त द्यायच्या दिवशी बीपीची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. उपास अन्नाचा आहे, पाण्याचा नाही (मधुमेहाच्या गोळ्यांचं वेगळं, त्या जेवणाशी बांधलेल्या असतात). एकादशीलाही घोटभर पाण्याबरोबर चालते. साबुदाणा खिचडी चालते आणि गोळी चालत नाही हे कोणत्या शास्त्रात बसतं ते वडिलांनाच विचारा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी विचारा. बीटा ब्लॉकर सहसा चालू ठेवतात, टेल्मिसार्टनसारखी बऱ्याचदा आदल्या दिवशी थांबवायला सांगतात.

गुडघ्याच्या गोळीकडे परत येतो, कारण ती कुणी धरलीच नाही. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात, वरचा आकडा सरासरी ३ ते ५ ने चढवतात आणि गोळ्यांचा जोर कमी करतात. आठवड्यातून तीन-चारदा म्हणजे अधूनमधून नव्हे. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि हे पेनकिलर अशी तिघं एकत्र आली, आणि त्यात जुलाब-उलटीने अंगातलं पाणी कमी झालं, की मूत्रपिंड अचानक बसू शकतं. वडिलांना लघवीची गोळी नाही, पण उद्या चिठ्ठीत 'एच' किंवा 'सीटी' आली तर ही गोष्ट आठवा. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल लावा, लागलीच तर नुसती पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, तीही रोजच्या रोज पूर्ण डोसात नको. सर्दीच्या गोळ्या घेताना फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का ते बघा, दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात.

---

निमवैद्य

१८० बद्दल पुढे: १८०/१२० च्या वर आकडा आला तर आधी पाच मिनिटं शांत बसवून, योग्य पट्ट्याने पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, असह्य डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं वागणं यातलं एकही असेल तर १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल, घरी काही द्यायचं नाही. यातलं काहीच नसेल तर आजची गोळी राहिलीये का बघा, राहिली असेल तर ती द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी बीपी काही दिवसांत हळूहळू उतरवतात, तासाभरात नाही.

'डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही' हेही वडिलांच्या मनातून काढा. बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

सर्पगंधेचा इतिहास खरा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. पण नाक चोंदणं, नाडी मंदावणं आणि विशेषतः मन खचणं, नैराश्य, या त्रासांमुळे ते मागे पडलं. चूर्णात रेसरपिन किती आहे हे चमच्यावरून कळत नाही, आणि वडिलांच्या आधीच दोन गोळ्या चालू आहेत. चूर्ण बाजूला ठेवा. आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर नोंदणीकृत वैद्याकडून, आणि दोन्हीकडे दोन्हीकडचं सांगून.

पुढच्या भेटीला जाताना सात दिवसांचा तक्ता (नव्या पट्ट्याचा), सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, पेनकिलर आणि चूर्णासकट, एका पिशवीत, आणि मशीनसुद्धा. डॉक्टरांच्या मशीनशी तिथेच ताडून बघता येतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन वर्षभरात झालं नसेल तर विचारा. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन-एक आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम बघतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी बंद करत नाहीत, पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. जुलाब-उलट्या लागल्या, पाणीही पोटात ठरत नसेल, तर टेल्मिसार्टन तेवढे दिवस थांबवायची का, हे त्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी एकेकदा मोजून बघा. बसलेल्यापेक्षा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल, तर नवी गोळी वाढवायच्या आधी डॉक्टरांना ते माहीत असलं पाहिजे.